कोण आलं? ब्रिजिड आली!

मागच्या अंकात मी आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतल्या एका खेड्याबद्दल लिहिलं होतं. लेक तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्याकडे माझ्या तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेप व्हिसाच्या नव्वद दिवसांची: एक ऐन हिवाळ्यात, एक एप्रिल ते जुलै आणि एक जुलैअखेर ते ऑक्टोबर. ऋतू पालटताना तिथली शेतकरी माणसं काय काय करतात, एवढाच लेखाचा विषय होता. पत्रं आली ती मात्र निम्मी आपल्याच चुली-गोठ्यांची. त्यातली काही इथे घेते. सुरुवात माझ्या चुकीपासून.

बाई, तुम्ही लिहिलंत की संत ब्रिजिडच्या दिवसाची सुट्टी १ फेब्रुवारीला असते. माझा मुलगा डब्लिनला आहे, त्याला तर सोमवारी मिळाली. खरं काय? (वाचक, गंगापूर रोड)

खरं तुमच्या मुलाचं. ही सरकारी सुट्टी २०२३ पासून सुरू झाली आणि ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारीख शुक्रवारी आली तरच त्या शुक्रवारी. सण मात्र १ तारखेलाच, सोमवार असो नाहीतर गुरुवार. मी दोन्ही एकात कालवलं.

माझा मुलगा आणि सून गॉलवेजवळच्या खेड्यात असतात. नातू सहा वर्षांचा. शाळेतून निरोप आला की 'रश' नावाचं गवत घेऊन या, ब्रिजिडचा क्रॉस विणायचा आहे. सून मला फोनवर विचारते, 'आई, हे त्यांच्या धर्माचं, आपण करावं का?' मी काय सांगू? जानेवारीत मी तिकडे जाणार आहे, तेव्हा मीही काही करायचं का? (एक आजी, इंदिरानगर)

आजी, करू दे म्हणावं. गवत विणल्याने कोणी बाटत नाही.

तो क्रॉस चर्चवर दिसतो तसा नसतो. मधे विणीचा चौकोन आणि त्यातून चार बाजूंना निघालेले चार हात, जरा जरा सरकलेले, भिंगरीच्या पात्यांसारखे. उत्तरेकडे अल्स्टरमध्ये तीन हातांचाही विणत आणि तो गोठ्यात लावत. घरातला दारावर नाहीतर आढ्याला. घराला आग लागू नये म्हणून. छपरं गवताची आणि खाली चोवीस तास धगधगणारी चूल, मग भीती कशाची वाटणार? पुरात वाचणारा आपला लव्हाळा आहे ना, त्याचा हा रश लांबचा भाऊबंद. ओल्या रानात जागोजागी उगवतो आणि एरवी शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतो. पण क्रॉससाठी आणायचा तर त्याला विळा लावायचा नाही, हाताने ओढून काढायचा. नातवाला हे नक्की सांगा, शाळेत भाव खाईल.

आता खरी गोष्ट. मेयोत लेकीच्या शेजारच्या आजी अठ्ठ्याऐंशीच्या, माहेर डोनेगल काउंटीतलं. त्यांनी सांगितलेली ३१ जानेवारीच्या रात्रीची हकिगत अशी. घरातली एक मुलगी रशची मोळी घेऊन अंधारात बाहेर उभी राहायची. दार बंद. ती बाहेरून म्हणायची, 'गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या.' आतून सगळे म्हणायचे, 'ये, ये, तुझं स्वागत आहे.' असं तीनदा. मग ती आत यायची, मोळी टेबलाखाली ठेवायची, उकडलेले बटाटे आणि लोणी असं जेवण व्हायचं आणि त्यानंतर त्याच गवताचे क्रॉस विणायला सगळे बसायचे.

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, आजी, माझ्या माहेरी भाद्रपदात सून गौर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते. आतली विचारते, 'कोण आली?' ती म्हणते, 'गौर आली.' 'कशाच्या पावलांनी आली?' 'सोन्याच्या पावलांनी.' खोली खोली दाखवत तिला आत नेतात. आजींनी एवढंच विचारलं, 'तिला जेवायला काय घालता?' मी म्हटलं, पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. त्यांनी मान हलवली. 'बरोबर. दमून आलेल्या बाईला आधी साधंच द्यावं.'

धर्माचं म्हणाल तर ब्रिजिड ही किल्डेअरची संत. पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात, तिने तिथे मठ उभारला. पण सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका आयरिश शब्दकोशात त्याच नावाची देवीही आहे, कवींची, आणि तिच्या दोन बहिणी, त्याही ब्रिजिडच, एक वैद्यकीची नि एक लोहारकामाची. संत आणि देवी एकच का, यावर तिथले विद्वान अजून भांडतात. शेतकऱ्यांच्या लेखी १ फेब्रुवारी म्हणजे वसंत लागला, मेंढ्या व्यायला लागल्या, दूध आलं. बाहेर आपल्याला हुडहुडी भरलेली असते, तरी वसंतच म्हणायचं. वादाचं काही असलंच तर ते प्रार्थनेत आहे. तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली चालतात. पोराला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवायचं नसेल तर आईबापांना तसं सांगायचा हक्क आहे. सुनेने ते आणि हे वेगळं ठेवावं.

तुम्ही काय करायचं? आदल्या रात्री एक फडकं बाहेर झुडपावर टाका. ब्रिजिड त्या रात्री गावावरून जाते आणि फडक्याला तिचा हात लागतो, असं मानतात. ते फडकं वर्षभर जपायचं. डोकं दुखलं की कपाळाला बांधायचं, गाय अडली की तिच्या पाठीवर घालायचं. मी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला होता. रात्री असा वारा सुटला की सकाळी तो शेजारच्या काटेरी तारेला लटकलेला आणि दोन मेंढ्या त्याच्याकडे बघत उभ्या. माझं डोकं अजून दुखतं, पण लेकीने तो तुकडा टाकू दिलेला नाही.

विणायची रीत इथेच शिकून जा. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेत अडकवा, टोकं उजवीकडे. मग सगळं पाव फेरा डावीकडे फिरवा, म्हणजे ती टोकं वर जातील. तिसरी काडी दुमडून त्यांच्यावर अडकवा, पुन्हा टोकं उजवीकडे, पुन्हा फिरवा. मधला चौकोन भरत जातो. हात पुरेसे जाड झाले की चारी टोकं दोऱ्याने बांधून कापा. मी नाशिकला सरावासाठी गव्हाच्या काड्या घेतल्या, त्या कडाकड मोडल्या. केरसुणी बांधणाऱ्या बाईकडून शिंदीच्या पात्या आणल्या, त्या भिजवल्या, मग जमलं. पहिले तीन फेकून द्यायची तयारी ठेवा.

तुम्ही लिहिलं की १ मे ला तिकडे घरातून विस्तव, दूध, मीठ बाहेर देत नसत. माझी आजी दिवेलागणीनंतर दही, विरजण, मीठ कोणाला द्यायची नाही. एवढ्या लांब सारखंच कसं? आपलेच लोक कधीकाळी तिकडे गेले होते का? (शेतकरी वाचक, दिंडोरी तालुका)

दादा, हा प्रश्न तीन पत्रांत आला, आणि एकाने तर पुरावा म्हणून एका व्हॉट्सॲप संदेशाची प्रतच जोडली. आयरिश आणि मराठी या भाषा फार मागे जाऊन एकाच कुळाच्या निघतात, हे खरं. तेवढ्यावरून विरजणाचा उगम एक ठरत नाही. आपलं कोणी तिकडे गेलं नाही. गाय मात्र दोन्हीकडे आहे, आणि गाय आटली तर काय, ही भीतीही.

तिथे ती भीती लोण्याची होती. खंड भरायचा तो लोण्याच्या पैशातून. कॉर्क शहरातला लोण्याचा बाजार एकेकाळी जगातला सर्वांत मोठा होता. मे महिन्यात हिरवा चारा येतो, दूध वाढतं, वर्षाचं लोणी तिथून सुरू होतं. मग त्याच सकाळी कोणी आपलं 'लोणीभाग्य' चोरलं तर? चोरायच्या रीतीही ठरलेल्या. शेजारणीच्या विहिरीचं पहाटेचं वरचं पाणी सगळ्यांच्या आधी काढायचं. तिच्या शिवारातलं दव फडक्याने टिपायचं. किंवा सशाचं रूप घेऊन तिच्या गाईला प्यायचं. म्हणून त्या सकाळी कुणी विस्तव मागायला आलं की संशय. आपल्या धुराड्यातून गावात पहिला धूर निघू नये, म्हणून चूलसुद्धा उशिरा पेटवायची. आणि उंबऱ्यावर, गोठ्याच्या दारात पिवळी फुलं टाकायची, लोण्याच्या रंगाची.

यातलं मला सगळ्यात आवडलं ते घुसळणीचं. घरात लोणी काढणं चाललं असताना कोणी पाहुणा आला तर त्याने 'देव कामाला बरकत देवो' म्हणून दट्ट्याला हात लावायचाच. नुसता बघून निघून गेला तर तो लोणी घेऊन गेला. निफाडला माझी आजी रवीची दोरी ओढताना दारात आलेल्या कुणालाही 'बस, दोन हात मार' म्हणायची. मला वाटायचं तिला कामाला माणूस हवा असतो. आता वाटतं, दोन्ही असेल.

तुमच्या आजीचं 'नाही' रोजच्या संध्याकाळचं होतं, तिकडचं वर्षातल्या एका दिवसाचं. हा फरक लहान नाही. त्यांचे मोठे चार दिवस १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर, म्हणजे ऋतूच्या चार चौकटी. मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांना आयरिश भाषेत आजही सणांचीच नावं आहेत: ब्याल्टना, लूनसा, साउन. चौकट ओलांडताना जपायचं, आत आलं की बिनधास्त. आपण अमावस्या-पौर्णिमेने चालणारी माणसं, आपल्याला महिन्यात दोनदा जपावं लागतं.

काटेरी हॉथॉर्नची फांदी १ मे ला अंगणात रोवून तिला चिंध्या आणि ईस्टरच्या अंड्यांची रंगवलेली टरफलं बांधतात. पण तीच फांदी, तीच फुलं घरात आणली तर अपशकुन. शेतात एकटं उभं असलेलं हॉथॉर्नचं झाड तर कोणी तोडत नाही, ते परीलोकाचं. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथे मोठ्या रस्त्याच्या आड असं एक झुडूप आलं. लोकांनी आवाज उठवला आणि ते राखून रस्ता केला. आपल्याकडे शेंदूर लावलेला म्हसोबा आला की रस्ता कसा कंबर मोडून जातो, ते तुम्हाला मी काय सांगणार!

आपल्यासारखी अनवाणी फेरी तिकडे असते का हो? (वाचक, पंचवटी)

असते. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिक डोंगरावर हजारो माणसं चढतात, त्यातली काही अनवाणी. उंची ७६४ मीटर, वरचा टप्पा नुसता निसरड्या दगडगोट्यांचा. संत पॅट्रिकने तिथे चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा. मूळ मात्र १ ऑगस्टच्या सुगीच्या सणात असावं, असं लोककथांच्या अभ्यासकांनी मांडलंय, कारण त्याच सुमाराला इतर डोंगरांवरही लोक जमत, रानातली निळी फळं वेचत, पोरं-पोरी एकमेकांना हेरत. माझे गुडघे गेलेले. मी पायथ्याशी मुरिस्क गावात चहा पीत बसले आणि उतरणाऱ्यांचे तळवे बघितले. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून त्र्यंबकला परतलेल्यांचे असतात, तसेच.

आमच्या सोसायटीत या वर्षी हॅलोविन करायचंय. भोपळा कोरतात ते आयरिश आहे का? आई म्हणते हे अमेरिकन फॅड आहे. (इयत्ता नववी, सिडको)

तुम्ही दोघीही बरोबर. ३१ ऑक्टोबरची रात्र आयर्लंडची, भोपळा अमेरिकेचा. तिकडे कोरायचे ते सलगम, टणक आणि मुठीएवढे. त्याचे चेहरे भोपळ्यासारखे हसरे नसतात. मेयोत कॅसलबारजवळ टर्लोला ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे डोनेगलच्या अशा एका जुन्या सलगमची प्लास्टरमधली प्रतिकृती ठेवलीय. वाळून सुरकुतलेला, दात विचकलेला. मी पहिल्यांदा पाहिला आणि एक पाऊल मागे सरले. खरं हॅलोविन मात्र माझं हुकलं, नव्वद दिवस आठवडाभर आधीच संपले.

घरी येऊन मी नवलकोल कोरून पाहिला. चमचा वाकला. तू भोपळाच घे. आणि आतला गर टाकू नकोस, आईला घारगे करायला दे, म्हणजे तिचाही विरोध मावळेल. तिकडे त्या रात्री 'ब्रॅक' नावाचा मनुकांचा पाव असतो, त्यात अंगठी लपवतात. जिच्या फोडीत सापडेल तिचं लग्न वर्षात. तू नववीत आहेस, तेव्हा हा भाग गाळ.

रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला मारून मिरवतात म्हणे. असल्या परंपरेचं कौतुक कशाला? (पक्षिमित्र, निफाड)

पूर्वी मारत. २६ डिसेंबरला पोरं झुडपं बडवून त्याला पकडत आणि काठीला बांधून दारोदार पैसे मागत. आता खरा पक्षी कोणी घेत नाही, खोटा असतो किंवा नुसती सजवलेली काठी. गवताचे पोशाख, तोंडं झाकलेली, ढोल, बासऱ्या. केरी काउंटीतल्या डिंगल गावात जोर मोठा. जमलेल्या पैशातून मेजवानी. आपलं शिमग्याचं पोस्त आठवा. पक्षी गेला आणि सोंग उरलं, याला मी तरी परंपरेचं शहाणपण म्हणेन. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजता, तसे एकदा आपल्या मकरसंक्रांतीच्या मांज्याने कापलेलेही मोजा आणि मला कळवा.

मी कळवण तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे डोंगऱ्या देव, वाघबारस, बोहाडा सगळं आहे, पण मुलं मोबाइलवरच्या दिवाळीचीच चित्रं काढतात. तिकडे जुनं जपलं कसं? आम्हाला काही करता येईल का? (शिक्षक)

सर, तुमच्या पत्रासाठीच मी हे सदर लांबवलं.

१९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोकपरंपरा आयोगाने आणि शिक्षण खात्याने एक गोष्ट केली. वरच्या वर्गातल्या, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना निबंधाच्या तासाला निबंध द्यायचा नाही. घरी जा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. देशातल्या २६ काउंट्यांतल्या सुमारे पाच हजार शाळा, सुमारे पन्नास हजार मुलं. लाखो पानं भरली. ती आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात, लिहिणाऱ्या मुलाच्या नावासकट, गावासकट, आणि सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या वयासकट. आमच्या शेजारच्या आजींना त्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचं पान सापडलं. बटाट्यासाठी लिहिलेला शब्द चुकीचा आहे, असं म्हणून त्या हसत बसल्या.

मी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, म्हणून आगाऊपणे सांगते. 'वाघबारसेची माहिती लिहा' असा प्रश्न देऊ नका. मुलं 'आमच्या गावात हा सण उत्साहात साजरा होतो' असं लिहून मोकळी होतील, तशा वह्या मी पोतंभर तपासल्यात. बारीक विचारायला लावा. त्या दिवशी काय करायचं नाही? पहिला घास कोणाला? कुठल्या झाडाची फांदी, कोणी तोडायची, कोणत्या हाताने? वाघाचं सोंग गेल्या वर्षी कोणी घेतलं, त्याच्या आधी कोणी? पावरी कोण वाजवतं आणि ती कोणी बनवली? हे शेवटचं आधी विचारा, बनवणारी माणसं म्हातारी आहेत.

कोकणा आदिवासींच्या कोकणीत किंवा अहिराणीत सांगितलेलं मुलांनी तसंच लिहावं. तिकडे काही मास्तरांनी मुलांची भाषा सुधारून ठेवली, ती पानं वाचताना पेंढा चावल्यासारखं वाटतं. शब्द समजला नाही तर बाजूला चित्र काढायला सांगा.

एक गोष्ट मात्र आयर्लंडपेक्षा वेगळी धरा. तिथली मुलं आपल्याच घरचं लिहीत होती आणि घरच्यांना त्याची चोरी नव्हती. डोंगऱ्या देवात माउल्या, म्हणजे व्रत धरलेली माणसं, उपास धरून डोंगरावर गुहेपाशी जातात, तिथलं काही बाहेर सांगायचं नसतं. जे सांगायचं नाही म्हणून सांगतील, तिथे मुलाने 'सांगितलं नाही' एवढंच लिहावं. आणि तिथे मोबाइल खिशातून बाहेर काढायचा नाही. आधी भगतांना विचारा, विचारायला स्वतः जा, मुलांना पाठवू नका.

दोनशे पानी वह्या घ्या, साधं बॉलपेन, शाईचं किंवा जेल नको, पावसाळ्यात पसरतं. मुलाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, वय, पाडा आणि तारीख पानाच्या वर. भरलेल्या वह्या पत्र्याच्या पेटीत घाला, पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा. कळवणची वाळवी मला माहीत आहे, माझ्या पहिल्या नेमणुकीचं हजेरीपुस्तक तिनेच खाल्लं.